खडूचं शून्य

१

थोरल्याच्या चेहऱ्याची डावी बाजू शाबूत होती. उजवी ओळखायची सोय राहिली नव्हती. मीटरभर दांड्याचा पाना बोल्टवरून उसळला होता आणि थेट त्याच्या कानशिलात बसला होता, तो इतक्या जोराने की कवटी फोडून, शेजारच्या काँक्रीटच्या भिंतीवर आपटून मगच खाली पडला. प्रेताच्या वर, दोन भिंतींना जोडणाऱ्या पोलादी बीमवर, पांढऱ्या खडूने हातभर शून्य काढलेलं होतं. त्या प्रयोगशाळेत या शून्याचा अर्थ एकच होता: आता खुशाल हात लावा, काही होणार नाही.

पोलीस चौकी रस्त्यापलीकडेच होती, म्हणून निरीक्षकबाई दहा मिनिटांत पोचल्या. खात्यात त्यांना पाठीमागे चिमटाबाई म्हणत, कारण समोरच्याच्या तोंडून निसटलेला शब्द एकदा पकडला की त्या सोडत नसत. बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पण त्या दुपारी शब्दबिब्द पकडायला कुणाला फुरसत नव्हती. हॉलच्या टोकाला काचेची केबिन होती आणि तिच्यातून खळ्ळकन आवाज आला.

आत थोरल्याचा धाकटा भाऊ हातात हातोडा घेऊन उभा होता. त्याने समोरचा संगणक पार फोडून टाकला होता, पडद्याचा चुरा झाला होता. आणि खुर्चीखाली पंपवाला पडला होता. या पंपवाल्याचं काम म्हणजे बीमला रेटणारा भलामोठा जॅक चालवणं आणि शेवटी खडूने ते शून्य लिहिणं. त्याचा जबडा एका बाजूला लोंबत होता, तोंडातून रक्त आणि दात एकदमच बाहेर येत होते.

"सोड तो हातोडा!" बाई ओरडल्या.

धाकट्याने सोडला नाही. उलट पुन्हा उगारला. हवालदाराने त्याची कंबर धरली, बाईंनी मनगट पिरगाळलं, तेव्हा कुठे हातोडा खाली पडला. आणि गंमत अशी की त्या माणसाला धड दिसतही नव्हतं. त्याचे दोन्ही डोळे लालभडक सुजलेले होते आणि त्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"यानं शून्य लिहिलं!" तो किंचाळला. "यानं लिहिलं म्हणून दादाने पाना लावला! मॅडम, तुम्ही याला सोडलंत ना, की मी याला संपवणार. आज नाही तर उद्या. माझ्या दादाची शपथ."

पंपवाल्याने खालूनच मान वर केली आणि हळूहळू होकारार्थी हलवली. आपणच मारलं, असं तो सांगत होता.

२

हा पंपवाला वाचेल की नाही, आता हाच प्रश्न होता. बाईंच्या वरिष्ठांनी फोनवर निकाल देऊन टाकला: निष्काळजीपणाने मृत्यू, गुन्हेगार हातात आहे, संध्याकाळपर्यंत कागद पुरे करा. म्हणजे तुरुंग. आणि तुरुंगातून कधीतरी सुटला, तर बाहेर धाकटा उभाच. दोन्हीकडून त्या माणसाची मान कापली जाणार होती. बाईंनी केबिनमधली नोंदवही काखेत मारली आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, बाजूच्या खोलीत बसवलं.

सर काटकुळे, पन्नाशीचे. तोंड उघडलं की व्याख्यानच सुरू होत होतं.

"सर," बाई म्हणाल्या, "मी शाळेत गणितात काठावर पास झालेली बाई आहे. मला सोपं करून सांगा. तो बीम काय आहे?"

सरांनी टेबलावरची कागदाची पिन उचलली, सरळ केली आणि भराभर दहा-बारा वेळा इकडून तिकडे वाकवली. "हात लावा."

"गरम लागतेय."

"भूकंप इमारतीत जो जोर घालतो, तो कुठेतरी जिरवावा लागतो. नाहीतर तो भिंती फोडतो. म्हणून दोन उंच भिंतींच्या मध्ये, प्रत्येक मजल्यावर, आम्ही असा पोलादी बीम घालतो. त्याचा मधला पत्रा मुद्दाम पातळ ठेवतो. भूकंपात हा बीम वाकतो, पुन्हा उलटा वाकतो, तापतो, आणि जोर स्वतःच्या अंगात जिरवतो. बीम बाद होतो, भिंती उभ्या राहतात, माणसं वाचतात. नंतर बोल्ट काढून नवा बीम बसवायचा. इथे आम्ही जॅकने तेच करून बघतो."

"म्हणजे भूकंपाची जिरवायची."

"तसंच म्हणा," सर क्षणभर हसले आणि लगेच ओशाळले.

"आणि शून्य?"

सरांनी वाकलेली पिन टेबलावर टाकली. "ही आता वाकलेली आहे, पण कोणी दाबत नाहीये. हे जोराचं शून्य. आता बघा." त्यांनी ती दोन बोटांनी पुन्हा सरळ करून धरली. "आता सरळ दिसतेय. पण माझी बोटं दुखतायत. सरळ दिसते म्हणून हिच्यात जोर नाही असं नव्हे. बीम असा जबरदस्तीने सरळ धरलेला असताना बोल्ट सोडले, तर शेवटचे एक-दोन बोल्ट गोळीसारखे तुटणार. म्हणून आमच्याकडे शून्य म्हणजे फक्त जोराचं शून्य. पंपवाला पडद्यावर जोराचा आकडा शून्यावर आणतो, खडूने लिहितो, मग बोल्ट."

"मग आज नेमकं काय झालं?"

"जोर अडकलेला होता, एवढं नक्की. का ते मला माहीत नाही. चुकला असेल."

"किती जोर?"

"ते कसं सांगू? त्याने जॅक कुठे थांबवला त्यावर आहे. वीस टन असेल, नव्वदही असेल."

बाईंनी मान डोलावली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "थोरल्याचं आणि तुमचं गेल्या आठवड्यात वाजलं होतं म्हणे?"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "मी घाई करत होतो. तो म्हणाला, घाईत माणूस मरेल. मी त्याला म्हटलं, भीती वाटत असेल तर काम सोड." त्यांनी तोंड ओंजळीत लपवलं. "हे मी त्याला म्हटलं, बाई. याच शब्दांत म्हटलं."

"जेवणाच्या सुट्टीत कुठे होतात?"

"पाहुणे आले होते. सहा माणसांबरोबर जेवत होतो."

"केबिनची किल्ली?"

"तिघांकडे. मी, पंपवाला आणि आलेखताई."

३

धाकटा कोठडीत ओलं फडकं डोळ्यांवर घेऊन बसला होता. बाईंनी समोर स्टूल ओढलं.

"डोळ्यांना काय झालं?"

"आर्क लागला, वेल्डिंगच्या ठिणगीचा उजेड. सकाळी वेल्डिंग करताना काच बाजूला केली, आणि जेवताना डोळ्यांत वाळू गेल्यासारखं सुरू झालं." त्याने फडकं पिळलं. "बोल्ट नेहमी मीच सोडतो, मॅडम. दादा फक्त खाली उभा राहून शिव्या घालतो. आज म्हणाला, आंधळ्या, बस तू गप, मी बघतो. माझा पाना घेऊन गेला तो."

एवढं बोलून त्याने कोठडीच्या भिंतीवर डोकं आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बाईंनी आपला तळहात मध्ये घातला. हात चांगलाच शेकला.

"पंपवाल्यावर एवढा राग का? आजचाच की आधीचा?"

"परवा दादाने त्याच्या थोबाडीत दिली होती. झडप बंद करायला विसरला होता तो. दादा म्हणाला, तू एक दिवस माणूस मारशील. सगळ्यांसमोर! आणि बघा." त्याने मूठ आवळली. "त्याने मनात ठेवलं, मॅडम. चूकबीक काही नाही. मुद्दाम लिहिलं त्याने."

"तुम्ही दोघं भाऊ हेच काम करता पहिल्यापासून?"

"पंचवीस वर्षं. दादा जोडणी करणार, मी वेल्डिंग." त्याच्या सुजलेल्या डोळ्यांतही जरा ऊब आली. "माझं काम बघायचं असेल तर चार वर्षांपूर्वी भूकंपात पडलेला तो बारा मजली मनोरा आठवा. एक्केचाळीस माणसं गेली. भिंतींचा भुगा झाला होता. पण त्यातले बीम माझे, आणि एक, एक बीम वाकला नव्हता! आणलेला पत्रा मधे कागदासारखा पातळ होता. नकाशा काढणाऱ्याला अक्कल नव्हती. मी कुणी न सांगता दोन्ही बाजूंनी जाड पत्रा चढवून वेल्डिंग मारलं. पदरचे दिवस घातले. आजही कुणाला सांगायला लाज वाटत नाही."

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांना. चहाच्या वेळी विषय निघाला की सांगतोच."

 बाईंच्या बोटांना अजून त्या पिनेची ऊब लागत होती, आणि काहीतरी मनात खुपायला लागलं होतं. पण अजून त्याला धड आकार नव्हता.

४

आलेखताई हे नाव तिला प्रयोगशाळेनेच दिलं होतं, कारण तिच्या खोलीच्या भिंती आलेखांनी भरल्या होत्या. बीम वाकतो तशा काढलेल्या रेषा, फुगीर, एकात एक बसलेल्या. तिशीच्या आतली मुलगी. याच बीमवर तिचा प्रबंध चालला होता. रडून रडून नाक लाल झालं होतं आणि ते रडणं खोटं नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत बाईंना एवढं नक्की कळत होतं.

"मी एक वाजता वर्गावर गेले," ती म्हणाली. "शेजारच्या इमारतीत. अडीच वाजता सुटला. परत आले तर दारात रुग्णवाहिका. शिपाई म्हणाला, पाना उसळला, थोरले गेले. मला आत सोडलंच नाही."

"थोरले कसे होते?"

"मला पोरी म्हणायचे." तिने नाक पुसलं. "रोज विचारायचे, पोरी, जेवलीस का? माझ्या घरी आता असं विचारणारं कुणी नाही."

"म्हणजे?"

"आई आणि बहीण भूकंपात गेल्या." हे तिने अगदी सपाट सांगितलं, पत्ता सांगावा तसं. मग एकाएकी टेबलावर मूठ आपटली. "ते पान्यापाशी गेलेच कशाला? ते कधीच जात नाहीत! बासष्ट टनांचा तो फटका... त्यांना कळलं तरी असेल का? दुखलं असेल का, मॅडम?"

"नाही," बाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, काही कळायच्या आत गेले."

ती पुन्हा रडायला लागली. बाईंनी तिला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि बाहेर पडल्या. जिन्यात हवालदार म्हणाला, "बिचारी. मॅडम, आता पंपवाल्याचे कागद करायचे ना?"

"आधी रुग्णालयात जाऊ," बाई म्हणाल्या.

५

पंपवाल्याचा जबडा तारांनी बांधला होता. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून उशाशी वही-पेन्सिल दिली होती. पहिल्या पानावर त्याने आधीच लिहून ठेवलं होतं: मी मारलं. खाली सही केली होती, तारीख घातली होती.  असा कबुलीजबाब वरिष्ठांच्या हाती पडला असता तर त्या माणसाचा निकाल लागला होता. दाराबाहेर शिपाई बसवला होता, तो याने पळू नये म्हणून, की धाकट्याची माणसं आत येऊ नयेत म्हणून, हे त्या शिपायालाही सांगता आलं नसतं.

बाईंनी ते पान फाडून खिशात घातलं आणि नोंदवही त्याच्या मांडीवर उघडली.

"हे तुझंच अक्षर? मला फक्त मान हलव. दर चाचणीनंतर तू दोन आकडे लिहितोस. जोर किती राहिला आणि बीम किती सरकलेला राहिला. जोर दर वेळी शून्य. सरक पहिल्या दिवशी चार मिलिमीटर, मग नऊ, पंधरा, बावीस. रोज जास्त वाकवलात म्हणून रोज जास्त राहिला. बरोबर?"

मान हलली.

"आणि आज, जोर शून्य, सरक बासष्ट."

मान हलली.

"पण इथे वर तूच लिहिलंयस. आज बीम जास्तीत जास्त चाळीस मिलिमीटर रेटला. जो बीम जन्मात चाळीसच्या पुढे गेला नाही, तो बासष्टला जाऊन कसा थांबेल?"

पंपवाल्याने वहीत बघितलं. मग बाईंकडे. मग पुन्हा वहीत. त्याचे डोळे मोठे झाले. पेन्सिल घेऊन त्याने घाईघाईने लिहिलं: मी फक्त जोराच्या चौकटीकडे बघतो. दुसरा आकडा नुसता उतरवतो.

"आणि जोराच्या चौकटीत शून्य होतं. तू खोटं लिहिलं नाहीस. तू जे दिसलं तेच लिहिलंस." बाई खाली वाकल्या. "पडद्यावर दोन चौकटी. त्यांतले आकडे कुणी एकमेकांच्या जागी टाकले तर? तुला जोर म्हणून दिसत होता तो सरकीचा आकडा. तो शून्यावर आणलास, म्हणजे बीम सरळ केलास, जबरदस्तीने. आणि सरक म्हणून जे बासष्ट लिहिलंस, ते मिलिमीटर नव्हतेच. सकाळी आकडे ठीक होते ना? मग हे जेवणाच्या सुट्टीत झालं. केबिनला कुलूप होतं?"

मान हलली. होतं.

बाई ताठ झाल्या. ही नोंदवही घटना घडल्यापासून त्यांच्या काखेत होती. पडद्याचा चुरा धाकट्याने केला होता. पंपवाल्याला बोलता येत नव्हतं. बासष्ट हा आकडा या खोलीबाहेर कुणालाही ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि ते टन आहेत हे तर खुद्द पंपवाल्यालाही आत्ता कळलं होतं.

त्या जवळजवळ पळतच खाली उतरल्या.

६

पाच वाजता बाईंनी सगळ्यांना बीमपाशी उभं केलं. सर, आलेखताई आणि हातकड्या घातलेला धाकटा. फरशी धुतलेली होती, तरी फटींमधून काळसर रेघा दिसत होत्या. उसळलेला पाना पोलिसांनी नेला होता, पण त्याच्या जोडीचे चार पाने भिंतीला ओळीने टांगलेले होते.

"पंपवाला निर्दोष आहे," बाईंनी सुरुवातच अशी केली.

धाकटा मुसंडी मारून पुढे आला. हवालदाराने त्याला हातकडीला धरून मागे खेचला. "पैसे खाल्लेत तुम्ही!" तो ओरडला. "तो बाहेर आला की मी त्याचा गळा..."

"गळा नंतर बघू. आधी ऐक." बाईंनी चौकटींची अदलाबदल सांगितली, अगदी सावकाश, कारण सर मध्येच आलेख काढायला निघाले होते. मग त्या म्हणाल्या, "किल्ली तिघांकडे. पंपवाल्याला हे करायचं असतं तर त्याने बासष्ट हा वेडगळ आकडा स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवला नसता. सर सहा जणांबरोबर जेवत होते. आणि सरांना मी विचारलं, किती जोर अडकला होता? ते म्हणाले, पंपवाल्याने कुठे थांबवलं ते कळल्याशिवाय सांगता येणार नाही. खरं आहे ना, सर?"

"अगदी खरं."

"मग, आलेखताई, तू मला बासष्ट टन कसं सांगितलंस?"

आलेखताईने ओठ चावले. "माझ्या आलेखात आहे. बीम परत सरळ करायला बासष्ट टन लागतात. कालच काढलंय."

"असेल. पण बीम नेमका सरळ होऊन थांबला, हे तुला कुणी सांगितलं? पंपवाला चुकला असता तर वीस टनांवर चुकला असता, पन्नासवर चुकला असता. शिपायाने तुला एवढंच सांगितलं की पाना उसळला. बीम सरळ धरलेला होता हे फक्त त्याला ठाऊक असणार, ज्याने तो तसा धरायला लावला."

 सरांनी तोंडावर हात नेला.

"आणि तू सारखं विचारत होतीस, थोरले पान्यापाशी गेलेच कशाला. ते तुला एक वाजता ठाऊक नव्हतं. डोळ्यांना आर्क लागला तो जेवताना. तेव्हा तू केबिनमधून वर्गाकडे निघून गेली होतीस. बोल्टवर रोज असतो तो माणूस आज..."

बाईंचं वाक्य पुरं झालं नाही. आलेखताईने भिंतीवरचा पाना ओढला आणि दोन्ही हातांनी धाकट्याच्या डोक्यावर घातला. हातकड्यांमुळे त्याला हात वर करता आले नाहीत. बाईंनी आपला डावा हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. पाना हातावरून घसरून धाकट्याच्या खांद्यात रुतला, तो गुडघ्यांवर आला, आणि ती पुन्हा पाना उगारत असताना हवालदाराने तिला फरशीवर पाडलं.

"यालाच मारायचं होतं!" ती किंचाळत होती, गाल फरशीवर दाबलेला. "याची जिरवायची होती मला! रोज चहाला बसून सांगायचा, माझा बीम वाकला नाही, माझा बीम वाकला नाही! वाकायला हवा होता! वाकण्यासाठीच होता तो! याने वाकू दिला नाही म्हणून भिंती फुटल्या. माझी बहीण मी तिच्या मोज्यांवरून ओळखली, वर काही नव्हतं ओळखायला. आणि हा हसायचा. दर वेळी हसून सांगायचा!"

मग तिचा आवाज एकदम खाली गेला. "दादांना नव्हतं मारायचं. दादांना कशाला मारीन मी? ते मला जेवलीस का विचारायचे."

धाकटा रक्ताळलेला खांदा धरून तसाच गुडघ्यांवर बसला होता. तिच्याकडे त्याने बघितलंच नाही. तो सरांकडे बघत होता.

"सर, ही काय बोलतेय?"

सरांना व्याख्यान सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच सुचलं नसेल.

"सर, पातळ पत्रा चुकून आला होता ना? चुकूनच ना?"

"नाही रे," सर म्हणाले. "तो तसाच हवा होता."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई हात गळ्यात बांधून रुग्णालयात गेल्या. पंपवाल्याचा कबुलीजबाब त्यांनी त्याच्यादेखत फाडला. वरिष्ठ चिडले होते, पण आता ते काही करू शकत नव्हते. पंपवाला सुटला होता. ते त्याला सांगितल्यावरही त्याने वहीत लिहून विचारलं: पण खडू माझ्याच हातात होता ना?

बाईंना या प्रश्नावर चिमटा काढता आला नाही. त्या म्हणाल्या, "हो, होता," आणि दार उघडलं.

बाहेर धाकटा होता, एका हाताला हवालदाराची हातकडी, दुसऱ्या खांद्याला बँडेज. त्याला बघताच पंपवाला पलंगावर मागे सरकला, भिंतीला टेकला, सलाइनची नळी ताणली गेली. त्याच्या घशातून एक आवाज आला. तारा बांधल्या नसत्या तर ती किंकाळी झाली असती.

"मारायला नाही आलो," धाकटा म्हणाला.

तो दारातच उभा राहिला. सूज उतरली होती, पण डोळे लालच होते, आणि आता त्याला आर्क हे कारण नव्हतं.

"रात्रभर मोजत होतो. त्या मनोऱ्यात चोवीस बीम होते. सगळ्यांना पत्रे मीच चढवले. एकालासुद्धा विसरलो असतो तर..." त्याने मोकळ्या हाताने डोळे पुसले. "सर मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगतील. मॅडमना यातलं कळत नाही. तू रोज बघतोस. तुझा जबडा मी फोडलाय, तू माझ्यासाठी खोटं बोलणार नाहीस. एकच सांग. मी पत्रा चढवला नसता, तर ती माणसं वाचली असती?"

 पंपवाल्याने धाकट्याकडे बघितलं. त्याने पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. मग एकदाच, हळू, हो म्हणून मान हलवली.

 भिंतीला घासत धाकटा खाली सरकायला लागला, हातकडीबरोबर हवालदारही वाकला, आणि बाईंना एका हाताने दोघांना धरता येईना. पंपवाल्याने पांघरूण बाजूला केलं. पलंगावरचे आपले पाय गोळा करून पोटाशी घेतले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तळहात दोनदा थापटला. धाकटा तिथे येऊन बसला.